एकदाच चाललं, हे लक्षात कुणी ठेवायचं?

वेबपानावर ‘अर्ज पाठवा’ असं एक बटण आहे. त्यामागे जावास्क्रिप्टचं एक फंक्शन आहे. बटण दाबलं की ते चालतं आणि अर्ज सर्व्हरकडे रवाना होतो. आता हे बटण दाबणारी माणसं डोळ्यांपुढे आणा. संगणकावरच्या फाइली दोन क्लिक करून उघडायची कुणाला इतकी सवय झालेली असते, की वेबपानावरही बोट दोनदाच पडतं. कुणाचं नेट मंद असतं. दाबल्यावर काहीच हललेलं दिसत नाही, म्हणून ते पुन्हा दाबतात. माणसाच्या मनात एकच अर्ज असतो, पण ब्राउझरच्या लेखी क्लिक दोन झालेले असतात. दोन क्लिक म्हणजे फंक्शनला दोन कॉल, आणि दोन कॉल म्हणजे सर्व्हरवर दोन अर्ज.

ब्राउझरनं यात काही वावगं केलेलं नाही. जावास्क्रिप्टमधलं फंक्शन कुणीही, कधीही, कितीही वेळा कॉल करावं याच बेतानं बनलेलं असतं. ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत दहा दिवसांत या भाषेचा पहिला नमुना उभा केला. ‘हे फंक्शन एकदाच चालव’ असं सांगणारा राखीव शब्द तेव्हा भाषेत नव्हता आणि तीस वर्षांनंतरही नाही. फंक्शन आपले कॉल मोजत नाही. काम संपलं की आतली व्हेरिएबल सोडून देतं आणि पुढच्या कॉलला पुन्हा कोऱ्या पाटीनं सुरुवात करतं.

म्हणून ‘एकदाच’ हवं असेल तर ‘हे होऊन गेलं आहे’ ही आठवण त्या कॉलच्या बाहेर कुठेतरी ठेवावी लागते. या प्रकरणातले उपाय वरवर एकमेकांपासून फार वेगळे दिसतील. पण त्या प्रत्येकाला मी तीनच प्रश्न विचारणार आहे. आठवण कुठे ठेवली? ती किती काळ टिकते? आणि ‘झालं’ ही खूण नेमकी कोणत्या क्षणी केली?

आठवणीसाठी जागा

पहिला उपाय कुणालाही सुचेल. फंक्शनच्या बाहेर ‘झालं’ नावाचं एक व्हेरिएबल ठेवायचं आणि सुरुवातीला त्यात ‘खोटं’ लिहायचं. फंक्शननं चालू होताच आधी ते वाचायचं. ‘खरं’ असेल तर तिथूनच परत फिरायचं, नसेल तर त्यात ‘खरं’ लिहून कामाला लागायचं. (जाता जाता सांगतो, जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलना आणि फंक्शनना देवनागरीत नावं देता येतात. भाषेचे राखीव शब्द तेवढे इंग्रजी राहतात. तेव्हा ‘झालं’ हे नाव प्रत्यक्ष कोडमध्येही जसंच्या तसं चालेल.)

छोट्या पानासाठी एवढं पुरतं. पण ते ‘झालं’ उघड्यावर पडलेलं असतं. त्याच पानावरच्या दुसऱ्या कुणाच्या कोडमध्येही याच नावाचं व्हेरिएबल असलं की दोघं एकमेकांच्या खुणा पुसत बसतात. शिवाय एकदाच चालणारी दहा फंक्शनं असतील तर दहा खुणा सांभाळाव्या लागतात, आणि प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर तेच तपासणीचं कोड पुन्हा लिहावं लागतं.

काही जण फंक्शनलाच स्वतःला बदलायला लावतात. पहिल्या कॉलमध्ये काम करायचं आणि त्याच नावावर एक रिकामं फंक्शन ठेवून द्यायचं, की पुढचे कॉल त्या रिकाम्यावर जातात. कल्पना चतुर आहे, पण मी ती वापरणार नाही. बटणाला आधीच जोडून दिलेलं फंक्शन हे जुनंच फंक्शन असतं. नाव दुसरीकडे वळलं तरी बटणाकडे जुनंच राहतं आणि प्रत्येक क्लिकला ते इमानेइतबारे काम करत राहतं.

खरा उपाय जावास्क्रिप्टच्या जन्मातच दडलेला आहे. आइक यांना नेटस्केपनं बोलावलं तेव्हा ब्राउझरमध्ये स्कीम ही भाषा आणायची, असं सांगितलं होतं. स्कीम ही १९७५ साली जेराल्ड ससमन आणि गाय स्टील यांनी एमआयटीत घडवलेली नेटकी, छोटी भाषा. पुढे कंपनीचं धोरण फिरलं, नवी भाषा दिसायला जावासारखी हवी असं ठरलं आणि तिला महिरपी कंसांचा पोशाख चढला. पण आतला जीव बराचसा स्कीमचाच राहिला. फंक्शन हीसुद्धा आकड्यासारखी एक किंमत आहे, ती हातोहात देता येते, आणि फंक्शन जिथे जन्मतं तिथली व्हेरिएबल ते धरून ठेवतं, हे गुण तिथून आले. या शेवटच्या गुणाला क्लोजर म्हणतात. हे नाव ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ पीटर लँडिन यांनी १९६४ मध्ये दिलं.

क्लोजरच्या जोरावर आपण ‘एकदाच’ नावाचं एक फंक्शन लिहू शकतो. त्याला कोणतंही काम, म्हणजे एखादं फंक्शन, द्यायचं. ते आपल्या आत ‘झालं’ आणि ‘उत्तर’ अशी दोन व्हेरिएबल तयार करतं आणि एक नवं फंक्शन परत देतं. नवं फंक्शन कॉल झालं की ‘झालं’ पाहतं. पहिलीच वेळ असेल तर खूण करतं, मूळ काम चालवतं आणि आलेलं उत्तर जपून ठेवतं. पुढच्या प्रत्येक कॉलला तेच जपलेलं उत्तर हातावर ठेवतं. ‘एकदाच’चं स्वतःचं काम केव्हाच संपलेलं असतं, तरी त्याची ती दोन व्हेरिएबल मरत नाहीत, कारण नव्या फंक्शननं ती धरून ठेवलेली असतात. बाहेरच्या कुठल्याही कोडचा हात तिथे पोहोचत नाही. आठ-दहा ओळींचं हे कोड मला जावास्क्रिप्टमधल्या सर्वांत देखण्या कोडपैकी एक वाटतं, आणि क्लोजर शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

या आठ-दहा ओळींत पाहण्यासारखं बरंच आहे. खूण कामाच्या आधी करायची, नंतर नाही. कारण काम चालू असतानाच ते फिरून याच फंक्शनला कॉल करू शकतं. एखादी खिडकी उघडायचं काम असेल, उघडताना एखादा इव्हेंट सुटेल आणि तो इव्हेंट पुन्हा इथेच येऊन धडकेल. खूण नंतर करायची ठेवली असेल तर आतल्या कॉलला ‘झालं’ अजून खोटंच दिसतं. तो पुन्हा काम सुरू करतो, त्याच्या आत पुन्हा, आणि शेवटी स्टॅक भरून एरर येते.

उत्तर जपून ठेवणंही तितकंच महत्त्वाचं. पानावर नकाशा उभारायचा आहे आणि पानाचे चार भाग तो मागणार आहेत. दुसऱ्याला, तिसऱ्याला नुसतं ‘झालंय, जा’ म्हणून भागत नाही, त्यांच्या हातात नकाशा पडायला हवा. पण इथेच एक खाचही आहे. हवामान आणणाऱ्या फंक्शनला कुणी ‘एकदाच’मध्ये गुंडाळलं, पहिल्या कॉलला पुणे दिलं आणि दुसऱ्याला नागपूर, तर नागपूरवाल्यालाही पुण्याचंच हवामान मिळेल. आणि तेही कसलीही कुरकूर न होता. प्रत्येक गावाचं उत्तर वेगळं जपायचं असेल तर ते मेमोइझ करण्याचं काम. ‘एकदाच’ला दिलेले शब्द फक्त पहिल्या वेळी ऐकले जातात.

मूळ काम एकदा झालं की त्याला धरून ठेवलेला धागाही सोडून द्यावा, म्हणजे त्यानं अडवलेली मेमरी ब्राउझरला परत घेता येते. हे छोटंसंच.

आणि आता सर्वांत जास्त होणारी चूक. नवशिके अनेकदा बटणाच्या क्लिकवर चालणाऱ्या फंक्शनच्या आतच ‘एकदाच’ला कॉल करतात. म्हणजे दर क्लिकला एक नवं गुंडाळलेलं फंक्शन जन्मतं, त्याची आठवण नवी कोरी असते, ते आपलं एकदाचं काम इमानानं करतं आणि संपतं. मग ‘एकदाच’ चालतच नाही, अशी तक्रार होते. ते अगदी बरोबर चाललेलं असतं, फक्त आठवण दरवेळी नव्यानं बनवली जात असते. रिअ‍ॅक्टमध्ये हीच चूक जास्त लपून होते. वेबपानं बांधायच्या या लायब्ररीत कंपोनंट, म्हणजे पानाचा एक भाग, हेच एक फंक्शन असतं आणि पान रंगवताना ते पुन्हा पुन्हा चालतं. त्याच्या अंगात ‘एकदाच’ लिहिलं की दर रंगवणीला नवी आठवण. गुंडाळण्याचं काम एकदाच होईल अशा जागी करायचं असतं, कंपोनंटच्या बाहेर किंवा पुन्हा रंगवलं तरी टिकणाऱ्या रेफमध्ये.

पहिल्याच वेळी बिघडलं तर

हे कोड प्रत्येकानं नव्यानं लिहावं अशी गरज नाही. जेरेमी अ‍ॅश्केनास यांच्या २००९ च्या अंडरस्कोर या लायब्ररीत ते आहे. तिच्याच वळणावर पुढे आलेल्या लोडॅशमध्येही आहे. दोन्हीकडे ते मजेदार रीतीनं बांधलेलं आहे. ‘अमुक कॉल होण्याच्या आधीपर्यंतच चालव’ असं एक जास्त व्यापक फंक्शन आहे, आणि ‘एकदाच’ म्हणजे त्याला दिलेला २ हा आकडा. दुसऱ्या कॉलच्या आधीपर्यंत चालव, म्हणजेच एकदा.

पण पहिल्या कॉलमध्ये काम अर्ध्यावर एरर देऊन पडलं तर काय? ‘झालं’ की नाही झालं? दोन्ही लायब्ररींचं कोड वाचलं तर उत्तर असं निघतं. पहिला कॉल करणाऱ्याला एरर दिसते. त्यानंतरच्या सगळ्यांना काहीच दिसत नाही. काम पुन्हा चालत नाही, एरर पुन्हा येत नाही, हातात ‘अनडिफाइन्ड’ पडतं आणि गाडी पुढे निघते. मला हे पटत नाही. पहिला कॉल करणाऱ्यानं ती एरर गिळून टाकली असेल, तर नंतरच्याला मूळ कारण शोधायला काही धागाच उरत नाही.

इतर भाषांनी या प्रश्नावर वेगवेगळे कौल दिले आहेत. गो भाषेत ‘एकदा’साठी सिंक पॅकेजमध्ये वन्स नावाचा प्रकार आहे. आतलं काम पॅनिक होऊन पडलं तरी ते झालं असंच तो धरतो आणि पुन्हा चालवत नाही. सी प्लस प्लसच्या २०११ च्या आवृत्तीत आलेलं कॉल-वन्स उलट वागतं. काम एक्सेप्शन देऊन बाहेर पडलं तर खूण होत नाही आणि पुढच्याला पुन्हा प्रयत्न करायची मुभा मिळते. दोन्ही बाजूंना तर्क आहे. काम अर्धवट होऊन काही मागे ठेवून गेलं असेल, उदाहरणार्थ एखादा मेल गेला आणि मग पडलं, तर पुन्हा चालवणं धोक्याचं. नुसतं काहीतरी वाचायचं होतं आणि नेट गेलं, तर पुन्हा न चालवणं वेडेपणाचं. म्हणून माझं मत असं, की काम वाचण्याचं असेल तर पडल्यावर खूण पुसावी. काम बाहेरच्या जगात काही बदलणारं असेल तर खूण ठेवावी, पण एररही जपून ठेवावी आणि पुढच्या प्रत्येक कॉलला तीच एरर पुन्हा द्यावी.

ब्राउझरची स्वतःची सोय

काम इव्हेंटशी बांधलेलं असेल तर फंक्शन न गुंडाळताही मार्ग आहे. इव्हेंटला फंक्शन जोडायची प्रमाण रीत २००० सालच्या डॉमच्या मानकात आली, आणि काढून टाकायची रीतही तिच्यासोबतच. मग लोक फंक्शनला नाव देत आणि चालू झाल्याबरोबर त्याला स्वतःला काढून टाकायला लावत. जेक्वेरी या लायब्ररीत यासाठी ‘वन’ होतं. आता तर लिसनर, म्हणजे इव्हेंटवर चालणारं फंक्शन, जोडतानाच ‘वन्स’ हा पर्याय खरा म्हणून दिला की पुरे. २०१६ च्या शेवटी क्रोम आणि फायरफॉक्समध्ये तो आला. ब्राउझरसुद्धा लिसनर आधी काढतो आणि मगच चालवतो. आपण ‘झालं’ची खूण आधी केली, त्याच कारणासाठी.

हा पर्याय मला आवडतो, पण एका जागी तो दगा देतो. फॉर्मच्या सबमिटला जोडलेलं फंक्शन सहसा आधी ब्राउझरला त्याच्या नेहमीच्या पद्धतीनं फॉर्म पाठवण्यापासून अडवतं आणि मग स्वतः शांतपणे पाठवतं. तिथे ‘वन्स’ लावलं, तर पहिल्या सबमिटला सगळं ठीक होतं. पण दुसऱ्या सबमिटला अडवणारं कुणी उरलेलंच नसतं. ब्राउझर आपल्या जुन्या वळणावर जातो आणि अख्खं पान घेऊन फॉर्म पुन्हा पाठवतो. दोनदा जाऊ नये म्हणून केलेली तजवीजच दुसरा अर्ज पाठवते. अशा ठिकाणी लिसनर जागेवर राहू द्यावा, आत खूण तपासावी आणि उत्तर येईपर्यंत बटण निष्क्रिय करावं. बटण करडं झालेलं दिसलं की माणसालाही कळतं, की आपलं दाबणं पोहोचलं.

वाट पाहण्याच्या मधल्या वेळात

एका बाबतीत जावास्क्रिप्टवाल्यांचं नशीब थोर आहे. जावा किंवा सी प्लस प्लसमध्ये दोन थ्रेड एकाच क्षणी ‘झालं’ वाचू शकतात, दोघांनाही ‘खोटं’ दिसू शकतं आणि दोघंही कामाला लागू शकतात. तिथे कुलपं लावावी लागतात, आणि ती नीट लावणं भल्याभल्यांना जड गेलेलं आहे. जावातली एक लोकप्रिय युक्ती, आधी कुलपाशिवाय पाहायचं आणि मग कुलूप लावून पुन्हा पाहायचं, ही वर्षानुवर्षं वापरात होती आणि चुकीची होती. २००४ मध्ये जावा ५ नं मेमरीचे नियम सुधारल्यावर आणि व्हेरिएबल व्होलाटाइल केल्यावरच ती भरवशाची झाली. जावास्क्रिप्टमध्ये एक काम हातात घेतलं की ते संपेपर्यंत दुसरं मध्ये घुसत नाही. वाचणं आणि खूण करणं या दोन ओळींच्या मध्ये कुणी येऊच शकत नाही.

मात्र उत्तराची वाट पाहायला सांगणारा ‘अवेट’ हा शब्द आला की ही शाश्वती जाते. सर्व्हरवरून सेटिंग मागवणारं फंक्शन घ्या. ‘सेटिंग हाताशी आहे का? नाही. मागवलं, वाट पाहिली, आलं, ठेवून दिलं.’ वाचायला किती सरळ आहे! पण वाट पाहताना जावास्क्रिप्ट थांबून बसत नाही, दुसरी कामं उरकत असतं. त्या मधल्या वेळात पानाच्या दुसऱ्या भागानं विचारलं, तर त्यालाही ‘नाही’च दिसतं आणि तोही मागवतो. तिसराही मागवतो. पान उघडताना सर्व्हरकडे एकाच गोष्टीच्या तीन-चार विनंत्या जाताना दिसल्या, तर कारण बहुधा हेच असतं.

उपाय इतका साधा आहे, की एकदा कळला की विसरता येत नाही. उत्तर आल्यावर उत्तर ठेवण्याऐवजी, मागवल्या क्षणी हातात येणारं प्रॉमिस, म्हणजे पुढे येणाऱ्या उत्तराची पावती, तेच ठेवायचं. पहिला मागतो, प्रॉमिस लगेच ठेवलं जातं. दुसऱ्याला, तिसऱ्याला तेच मिळतं आणि सगळे एकाच उत्तराची वाट पाहतात. आपल्या ‘एकदाच’मध्ये असिंक फंक्शन गुंडाळलं तर हे आपोआप घडतं, कारण अशा फंक्शनचं ‘उत्तर’ प्रॉमिस हेच असतं. फक्त ते प्रॉमिस फसलं तर ते फसलेलंच जपून राहील आणि नेट परत आलं तरी सगळ्यांना जुनं अपयशच मिळत राहील. म्हणून फसल्यावर साठवलेली जागा रिकामी करायची एक ओळ तिथे हवीच.

प्रॉमिस स्वतःही ‘एकदाच’च्या तत्त्वावर उभं आहे. एकदा त्याचा निकाल लागला, की त्याला पुन्हा पूर्ण करा किंवा फसवा, ते कान देत नाही. २०१५ मध्ये ते भाषेच्या प्रमाण आवृत्तीत आलं. त्याआधी नोडच्या, म्हणजे ब्राउझरबाहेर चालणाऱ्या जावास्क्रिप्टच्या, जगात कॉलबॅकचं (काम झाल्यावर बोलवायच्या फंक्शनचं) राज्य होतं, आणि कॉलबॅक दोनदा चालणं हा तिथला नित्याचा आजार होता. ट्राय भागात काम झालं, कॉलबॅक बोलावला. कॉलबॅकच्या आत दुसऱ्याच कुठल्या कारणानं एरर उडाली, ती कॅच भागानं पकडली आणि एरर घेऊन तोच कॉलबॅक पुन्हा बोलावला. एकाच विनंतीला यशही कळवलं आणि अपयशही. नोडच्या एनपीएम या पॅकेज-भांडाराचे जनक आयझॅक श्लूटर यांचं ‘वन्स’ हे चिमुकलं पॅकेज याच दुखण्यावरचं औषध. त्याचा एक कडक प्रकारही आहे. तो दुसऱ्या कॉलला गप्प बसत नाही, एरर फेकतो. चूक शोधायची असेल तेव्हा मी कडक प्रकाराच्याच बाजूनं आहे. गप्प बसणारं कोड दुसरा कॉल झाकतं आणि तो कुठून आला हेही झाकतं.

फाइल आणि पान

ज्याला कशातच गुंतायचं नाही त्यानं मॉड्यूलचा आसरा घ्यावा. मॉड्यूलच्या फाइलमधलं वरच्या पातळीवरचं कोड, ती फाइल कितीही ठिकाणी आयात केली तरी, एकदाच चालतं. जोडणी उघडणं, सेटिंग वाचणं अशी कामं तिथे आपसूक एकदाच होतात. यातही आठवण आहेच, ती मॉड्यूल लोड करणारी यंत्रणा ठेवते, आणि ओळख पटवते फाइलच्या पत्त्यावरून. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि एखादा आकडा चिकटवला, तर ब्राउझरच्या लेखी ते दुसरंच मॉड्यूल. नोडच्या प्रकल्पात एकाच पॅकेजच्या दोन प्रती दोन फोल्डरांत येऊन बसल्या, तर दोन्ही आपापलं ‘एकदाच’ करतात. पानावर रिअ‍ॅक्टच्या दोन प्रती आल्या की हुकविषयी जी गूढ एरर येते, तिच्या मुळाशी अनेकदा हेच असतं.

रिअ‍ॅक्टची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. मार्च २०२२ मध्ये आवृत्ती १८ आली आणि विकासाच्या वेळी, स्ट्रिक्ट मोडमध्ये, नव्यानं पानावर आलेल्या कंपोनंटचे इफेक्ट, म्हणजे रंगवून झाल्यावर चालणारं कोड, दोनदा चालू लागले. एकदा चालवायचे, आवरायला लावायचे, पुन्हा चालवायचे. अनेकांनी डोक्याला हात लावला आणि रेफमध्ये खूण ठेवून दुसरी फेरी अडवली. पण रिअ‍ॅक्टच्या कर्त्यांनी ती फेरी मुद्दाम घातली होती. कंपोनंट पानावरून जाऊन पुन्हा आला तर तुमचं कोड सांडलवंड करतं का, हे आधीच दिसावं म्हणून. चॅटची जोडणी उघडणारा इफेक्ट असेल तर ती बंद करणारं आवराआवरीचं कोड लिहावं, मग दोनदा चाललं तरी शेवटी जोडणी एकच उरते. इथे मी रिअ‍ॅक्टवाल्यांच्या बाजूनं आहे. ‘दोनदा कसं चालू देऊ नये’ यापेक्षा ‘दोनदा चाललं तर काय बिघडेल’ हा प्रश्न पुष्कळदा जास्त उपयोगी पडतो, आणि पुढच्या भागात तर दुसरा मार्गच उरत नाही.

पानाबाहेर

आत्तापर्यंतच्या सगळ्या आठवणी पानाच्या पोटात होत्या. पान रिफ्रेश केलं की क्लोजर, मॉड्यूल, प्रॉमिस, सगळं पुसलं जातं. स्वागताची पाटी किंवा नव्या सोयीची ओळख ‘एका माणसाला एकदाच’ दाखवायची असेल तर खूण ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवता येते. ती रिफ्रेश काय, संगणक बंद झाला तरी राहते. पण तोच माणूस मोबाइलवरून आला तर तिथे ती नसते. पाटीसाठी हे चालून जातं, पैशांसाठी नाही. ऑनलाइन पैसे भरताना ‘पान रिफ्रेश करू नका, मागे जाऊ नका’ ही सूचना झळकते, तेव्हा पानानं आपली आठवण सांभाळायचं काम तुमच्यावर सोपवलेलं असतं.

इथे आठवण दोन जागी ठेवावी लागते. मतदान केंद्रावर ती तशीच ठेवलेली असते. मतदानयंत्रावर एकदा बटण दाबलं की लांब बीप वाजते आणि यंत्र बंद होतं. त्यानंतर तेच किंवा दुसरं बटण कितीही दाबा, नोंद होत नाही. मतदान अधिकाऱ्यानं पुढच्या मतदारासाठी कंट्रोल युनिटवरचं बटण दाबेपर्यंत ते तसंच राहतं. पण यंत्राला समोर कोण आहे हे ठाऊक नसतं. तोच माणूस पुन्हा रांगेत येऊन उभा राहू नये याची आठवण यादीवरची खूण आणि बोटावरची शाई ठेवते. पानावरचं ‘एकदाच’ म्हणजे यंत्राचं ते बंद होणं. सर्व्हरला यादी आणि शाई लागते.

का लागते, याचं कारण नेटवर्कच्या स्वभावात आहे. पान ‘शंभर रुपये पाठव’ असं सांगतं आणि उत्तर येत नाही. विनंती वाटेत हरवली, की विनंती पोहोचली, पैसे गेले आणि फक्त उत्तर हरवलं? पानाला हे कळायचा काहीही मार्ग नाही. निरोप हरवू शकतात अशा वाटेवर दोन्ही टोकांना एकमेकांची पक्की खात्री कधीच पटू शकत नाही, हे संगणकशास्त्रात १९७० च्या दशकापासून माहीत आहे. जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये त्याला दोन सेनापतींचा प्रश्न हे नाव दिलं. तेव्हा ‘विनंती नेमकी एकदाच पोहोचेल’ हे वचन कुणालाच देता येत नाही. देता येतं ते वेगळं वचन. विनंती कितीही वेळा पोहोचली तरी परिणाम एकदाच होईल. अशा क्रियेला आयडेम्पोटंट म्हणतात. एचटीटीपीच्या मानकानुसार गेट, पुट आणि डिलीट या क्रिया तशा आहेत, पोस्ट नाही. म्हणूनच फॉर्म पाठवून झाल्यावर पान रिफ्रेश केलं तर ब्राउझर ‘पुन्हा पाठवू का?’ असं विचारतो.

पोस्टला तसं करायचं तर प्रत्येक विनंतीसोबत दुसऱ्या कुठल्याही किल्लीशी न जुळणारी एक किल्ली जोडायची. ब्राउझरमधलं क्रिप्टो तशी यादृच्छिक किल्ली एका ओळीत बनवून देतं. सर्व्हर ती किल्ली डेटाबेसच्या अशा रकान्यात लिहितो, जिथे तीच किंमत दुसऱ्यांदा लिहूच देत नाहीत. पहिली विनंती आत जाते, दुसरी तिथेच अडते आणि तिला पहिलीचं जपलेलं उत्तर मिळतं. आपल्या आठ-दहा ओळींच्या ‘एकदाच’चाच हा आराखडा आहे, फक्त ‘झालं’ आणि ‘उत्तर’ आता क्लोजरमधून उठून टेबलात जाऊन बसले आहेत. स्ट्राइप या पेमेंट कंपनीनं ही रीत फार विचारपूर्वक बांधली आहे. पहिल्या विनंतीचं उत्तर ती जपते, ते सर्व्हरच्या एररचं असलं तरी. त्याच किल्लीवर वेगळी रक्कम आली तर ती जुनं उत्तर निमूटपणे देत नाही, एरर देते. नागपूरवाल्याला पुण्याचं हवामान मिळायची खाच तिथे बुजवलेली आहे. आणि किल्ल्या किमान २४ तास ठेवून मग पुसता येतात, तेव्हा ही आठवणही कायमची नाही. त्यानंतरही दुसऱ्यांदा पैसे जाऊ नयेत असं वाटत असेल, तर ऑर्डरचा क्रमांक हाच आपल्या डेटाबेसात एकमेव ठेवावा लागतो.

एवढं सगळं करूनही ते एका ओळीच्या जागेनं फसतं. किल्ली क्लिकवर चालणाऱ्या फंक्शनच्या आत बनवली, तर दर क्लिकला नवी किल्ली निघते आणि सर्व्हरच्या दृष्टीनं प्रत्येक क्लिक म्हणजे नवा व्यवहार. नवशिक्यांनी ‘एकदाच’ क्लिकच्या आत लिहिलं होतं, तशीच ही चूक, पण इथे ती पैशांत मोजली जाते. किल्ली फॉर्म उघडताना बनवावी आणि सेशन स्टोरेजमध्ये ठेवावी. टॅब उघडा आहे तोवर, रिफ्रेश झालं तरी, ती तीच राहते. व्यवहार पूर्ण झाल्याचं सर्व्हरनं कळवलं की मगच ती पुसावी.